मुकादमाचे पांढरे केस

फोटोकाका फुकट काम करणार आहेत ही बातमी ऐकून समोरचा शिंपी हसला, आणि हसायच्या आधी त्याने तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. एरवी तो टाचण्यांसकट हसतो. त्याचंही काही चुकलं नाही म्हणा. पासपोर्टचे फोटो कापताना उरलेल्या कागदाच्या पट्ट्याही जपून ठेवणारा हा फोटोवाला माणूस. सख्ख्या पुतणीच्या लग्नाच्या अल्बमचं बिल यानं सख्ख्या भावाला लावलं होतं, तेही आगाऊ. आणि आता म्हणे हा गावातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्या कुत्र्यांचे फोटो काढणार, मोठे करणार, चौकटीत बसवणार आणि दमडीही घेणार नाही.

"तब्येत बरी आहे ना काका?" शिंप्याने रस्त्यापलीकडून विचारलं.

"तू तुझी बाही शिव," फोटोकाका म्हणाले.

खरं सांगायचं तर यात पुण्यबिण्य काही नव्हतं, निव्वळ स्वार्थ होता. गावाबाहेर एक डॉक्टरीणबाई, जनावरांच्या डॉक्टर, म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी आसरा चालवायच्या. मालक वारले, घर बदललं, कंटाळा आला, अशी कारणं सांगून लोक आपली म्हातारी कुत्री वाऱ्यावर सोडतात, ती या बाई उचलून आणायच्या. आसऱ्यात आता पाय ठेवायला जागा उरली नव्हती. नवी खोली झाल्याशिवाय एकही कुत्रा घेणार नाही, असं त्यांनी निक्षून सांगितलं होतं. खोलीसाठी पैसा हवा, म्हणून ही फोटोंची स्पर्धा. म्हाताऱ्या कुत्र्यांचे मोठे फोटो वाचनालयाच्या हॉलमध्ये लावायचे, प्रत्येकाखाली एक डबा ठेवायचा, आणि ज्याला जो आवडेल त्याने त्याच्या डब्यात पैसे टाकायचे. ज्याचा डबा जड तो जिंकला, पैसे मात्र सगळे खोलीला. आणि खोली झाली की तिथली पहिली जागा मुकादमाची, असा शब्द फोटोकाकांनी बाईंकडून आधीच घेऊन ठेवला होता.

मुकादम हा त्यांच्या गळ्यात पडलेला कुत्रा. मूळचा त्यांच्या थोरल्या भावाचा. दादाचं रेडिओ आणि पंखे दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि हा काळा, दांडगा प्राणी दिवसभर टेबलाशेजारी पुढचे पाय पसरून दादाच्या हातांकडे टक लावून बसायचा. काम नीट चाललंय ना, हे बघायला नेमल्यासारखा. म्हणून मुकादम. गेल्या वर्षी दादा गेला. वहिनी लेकीकडे राहायला गेल्या, आणि लेकीच्या इमारतीत कुत्र्यांना बंदी. "दोनच महिने सांभाळा भावोजी," असं म्हणून त्यांनी साखळी काकांच्या हातात दिली होती. त्या दोन महिन्यांचं वर्ष झालं आणि साखळी हातातच राहिली.

बरं, कुत्रा त्रास देत होता म्हणावं तर तेही नाही. भुंकणं नाही, चावणं नाही, खाण्याचे नखरे नाहीत. तरी फोटोकाकांना तो डोळ्यांसमोर नको झाला होता, आणि त्याचं कारण होतं जिना. स्टुडिओ खाली, घर वर, मध्ये अरुंद लाकडी जिना. संध्याकाळ झाली की मुकादम जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसायचा आणि खाली दाराकडे बघत राहायचा. काका दिवे मालवून वर यायचे तेव्हा अंधारात याला ओलांडून जावं लागायचं. दोनदा पडता पडता वाचले. पण पडण्याचं एवढं नव्हतं. मेलेल्या माणसाची वाट बघत बसलेलं ते म्हातारं तोंड रोज बघवत नव्हतं, आणि त्याहून जास्त, मनाला लागायचं.

"घर माझं, अन्न माझं, औषधं माझ्या पैशांची," ते शिंप्याला सांगायचे, "आणि साहेबांचे डोळे दादासाठी दाराला लागलेले. मी काय इथे भाड्याने राहतो का?"

असो. तर फोटो काढायचा दिवस उजाडला आणि स्टुडिओत कुत्र्यांची रांग लागली. सगळी एकजात म्हातारी. कुणी लंगडतंय, कुणी शिंकतंय, कुणी आपण कुठे आलोय हेच विसरून उलटं निघालंय. फोटोकाकांचा सगळा जन्म माणसांच्या पासपोर्टात गेलेला. ते सवयीने म्हणाले, "हनुवटी जरा वर. दोन्ही कान दिसले पाहिजेत." शिंप्याच्या कुत्र्याला, बटणला, एक कान पुरता आणि दुसरा अर्धाच. शिंपी म्हणाला, "अर्धा घरी राहिलाय, घेऊन येऊ?" वाचनालयातल्या बाईंची बेबी, म्हणजे सगळ्यांत म्हातारी, डोळ्यांत मोतीबिंदू, दिव्यांखाली गेल्या गेल्या झोपली ती शेवटपर्यंत उठलीच नाही. तिला बसवून धरायला दोन माणसं लागली. काकांनी लाच म्हणून वाटलेली बिस्किटं निम्म्या जणांना बाधली. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "काका, झालं ते झालं. या पोरांना पुन्हा मी या दिव्यांखाली आणणार नाही."

आता घडलं ते असं. दुसऱ्या दिवशी काका संगणकासमोर बसले आणि त्यांच्या हातांनी काम सुरू केलं. मी मुद्दाम हातांनी म्हणतोय, कारण डोकं त्यात नव्हतंच. टचिंग ही या माणसाची ख्याती. पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिलीने करायचे, आता माऊसने करतात, पण हात तोच. त्यांच्या स्टुडिओत टक्कल पडलेला माणूस शिरला तर फोटोत त्याला भांग पाडता येत होता. सुरकुत्या जायच्या, चामखीळ जायची, डोळ्यांखालची काळी वर्तुळं जायची. गावातल्या निम्म्या सोयरिकी या माणसाच्या माऊसने जुळवल्या होत्या असं म्हणतात, आणि त्यातल्या निम्म्या प्रत्यक्ष भेटीनंतर मोडल्या. तर त्या हातांनी पांढरं तोंड पाहिलं की काळं करायचं, एवढंच त्यांना ठाऊक. रेडिओवर कसलीशी चर्चा चालू होती, काका तिला मान डोलावत होते, आणि हात एकेका कुत्र्याचं वय उतरवत होते. बेबीच्या डोळ्यांतलं धुकं पुसलं. बटणला पुऱ्या कानाची नक्कल करून दुसरा कान दिला. मुकादमाचं पांढरं थोबाड पुन्हा कुळकुळीत केलं, नाकावरचा डाग उडवला. मग सगळं मूळ फोटोंवरच सेव्ह करून टाकलं, कारण जुनं ठेवलं की जागा खातं हा त्यांचा नियम. आणि सवयच ती, प्रत्येकाच्या दोन पासपोर्ट साइझ प्रतीही काढल्या. मुकादमाची एक प्रत डॉक्टरीणबाईंनी आसऱ्यातल्या प्रवेशाच्या कार्डासाठी मागितलीच होती. घाईत त्यांनी ती न बघताच डकवली आणि वर शिक्का मारला.

रविवारी हॉलचं दार उघडलं. लोक आत आले, भिंतीकडे बघितलं आणि थबकले.

"म्हातारी कुत्री आतल्या खोलीत आहेत का?" एका आजोबांनी विचारलं.

भिंतीवर चकचकीत, तुकतुकीत, तरणीताठी कुत्री ओळीने बसली होती. शिंपी बटणच्या फोटोसमोर उभा राहिला, म्हणाला, "झकास आहे हो, कुणाचा?" आणि पुढे गेला. वाचनालयातल्या बाई बेबीला शोधत भिंतीला दोन फेऱ्या घालून आल्या आणि शेवटी भलत्याच कुत्रीसमोर उभं राहून डोळे टिपायला लागल्या. कुणीतरी चूक लक्षात आणून दिली तेव्हा त्यांनी रुमाल खाली घेतला आणि फोटोकाका कुठे आहेत असं विचारलं. त्या कधीच आवाज चढवत नाहीत, वाचनालयात जन्म गेला. त्या हळूच म्हणाल्या, "माझी बेबी कुठे आहे?"

तोवर शिंप्यालाही कळलं होतं. "काका, हा दुसरा कान कुठून आणलात?"

"मी आपला जरा नीट केला," काका म्हणाले. तेव्हा कुठे त्यांचं डोकं हातांपर्यंत पोचलं आणि तोंडचं पाणी पळालं.

डॉक्टरीणबाईंनी सगळी भिंत एकदा फिरून बघितली. मग म्हणाल्या, "काका, मी म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी पैसे मागतेय. ही भिंत बघून कोण देईल? लोक म्हणतील, यांना कसला आसरा, यांना नोकरी द्या."

त्या दिवशी डबे रिकामेच राहिले. जुने फोटो मागितले तर ते काकांनीच पुसलेले. कुत्री पुन्हा दिव्यांखाली आणायची तर बाईंची बंदी. शेवटी काका म्हणाले, "काढलं मी, घालतोही मीच. आठवडा द्या." घरी जाताना त्यांना दुसरीच धास्ती होती. खोली नाही झाली तर मुकादम जन्माचा इथेच.

मग तो आठवडा जो गेला तसा आठवडा त्या स्टुडिओने पाहिला नव्हता. सारा जन्म पांढरे केस काढण्यात घालवलेला माणूस आता एकेक पांढरा केस परत लावत बसला होता, आणि काउंटरच्या या बाजूला मालक बसून सांगत होते. एरवी गिऱ्हाईक म्हणतं, इथे जरा कमी करा. आता जो तो म्हणत होता, वाढवा.

"भुवई आणखी पांढरी. आणखी. घाबरू नका काका."

"हनुवटीखाली टाके पडले होते, ते राहिले. पाच टाके, काटेरी कुंपणावरून मांजरामागे गेला होता. मांजर आत्ताआत्तापर्यंत होतं."

शिंप्याने तर अर्धा कान मापाने घेतला. टेप लावून, खडूने कागदावर आखून आणला. आणि तो कागदाचा कान कापता कापता सांगत बसला, की दुकानात चोर शिरला तेव्हा बटण त्याच्यावर धावून गेला, कान गेला, पण चोराची पँट हाती लागली. "पँट मी उसवून बघितली काका. फार वाईट शिलाई होती."

बेबीच्या डोळ्यांत धुकं परत घालताना वाचनालयातल्या बाई खुर्ची ओढून जवळ बसल्या. "थोडं निळसर," त्या म्हणाल्या. "ती माझ्याकडे बघते तेव्हा तिला मी दिसत नाही. पण बघते." काकांनी निळसर केलं. बाई म्हणाल्या, "हां. आली." आणि या खेपेला योग्य कुत्रीसमोर रडल्या.

असे सगळे येऊन गेले, आणि शेवटी उरला मुकादम. आता घरचाच कुत्रा तो, त्याचा एक नवा फोटो काढून टाकायचा, असं काकांच्या मनात आलं होतं. पण बाकीच्यांचे हाताने केलेले आणि काकांच्या कुत्र्याचा तेवढा ताजा, एवढ्यावरून शिंप्याने गाव गोळा केलं असतं. म्हणून काका माऊस हातात धरून बसले. आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला काहीच सांगता येत नाहीये. पांढरं कुठवर आहे? डोळ्यांच्या वर की फक्त खाली? नाकावर डाग होता खरा, पण डाव्या बाजूला की उजव्या? वर्षभर या प्राण्याला ते रोज ओलांडत होते, पण बघितलं कधी नव्हतं.

संध्याकाळ व्हायला आली होती. काकांनी टेबलावरचं भिंग उचललं, विजेरी घेतली आणि जिना चढून वर गेले. मुकादम आपल्या जागेवर हजर होता. काका आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या खालच्या पायरीवर बसले आणि भिंगातून त्याचं तोंड बघायला लागले. मुकादमानेही त्यांचं तोंड बघितलं. पांढरं डोळ्यांच्या वर होतं, खाली होतं, कानांच्या मुळांशी होतं, आणि हनुवटीखाली एक काळा ठिपका उरला होता. नाकावरचा डाग डावीकडे. गोल, गुळगुळीत. कशाचा, ते कळेना. त्यांनी वहिनींना फोन लावला.

"वहिनी, मुकादमाच्या नाकावर डाग कशाचा?"

"वर्षभर तुमच्याकडे आहे आणि आज विचारताय?"

"कामासाठी विचारतोय."

"ते माहीत आहे. कामाशिवाय तुम्ही कधी काय विचारलंत?" वहिनींनी एक टोमणा मारून घेतला आणि मग सांगितलं. "लहान होता तेव्हा ह्यांच्या सोल्डरिंगच्या तापलेल्या दांडीला नाक लावलंन. हे आठवडाभर दुकान बंद ठेवून मलम लावत बसले. माझ्या बाळंतपणात दीड दिवस बंद ठेवलं होतं."

काका हसले. मग म्हणाले, "बरं आहे, आता याची सोय होतेय. खोली झाली की तिकडे जाईल. इथे त्याचं मन नाही हो वहिनी. रोज संध्याकाळी जिन्याच्या तोंडाशी बसून दादाची वाट बघत असतो. मला बघवत नाही."

मग वहिनी म्हणाल्या, "भावोजी, हे तुमच्या त्या घरात कधी राहिलेत का?"

"नाही."

"जिना तरी चढलेत का? अल्बमच्या बिलानंतर हे दुकानात यायचे, पण वर पाऊल ठेवलं नाही. मुकादम तर नाहीच."

"नाही," काका म्हणाले.

"मग त्या जिन्याने त्याला आमचे हे कसे येतील असं वाटेल? कुत्रा आहे तो, खुळा नाही. त्या जिन्याने रोज संध्याकाळी वर कोण येतं?"

काकांनी खाली दाराकडे बघितलं.

"आमच्याकडेही असाच दाराशी बसायचा. हे आले की उंबऱ्यातून 'आलो रे' म्हणायचे, मग उठायचा. तुम्ही काय म्हणता?"

काका काय म्हणत होते ते वहिनींना सांगण्यासारखं नव्हतं. ते म्हणत होते, सरक. त्यांनी फोन ठेवला आणि तिथेच पायरीवर बसून राहिले. त्यांना रडू आलं. थोडं दादासाठी, थोडं त्या मेल्या अल्बमच्या बिलासाठी, आणि बरंचसं या कुत्र्यासाठी, जो वर्षभर रोज त्यांचीच वाट बघत होता आणि रोज झिडकारला जात होता. मुकादमाने त्यांच्या हातातलं भिंग हुंगलं, आणि तो वाट बघायची वेळ संपली असं समजून आत पाणी प्यायला गेला.

पुढच्या रविवारी भिंतीवर सगळी म्हातारी कुत्री आपापल्या म्हातारपणासकट बसली होती. लोक एकेका फोटोसमोर थांबत होते आणि मालक शेजारी उभे राहून टाक्यांच्या, कानांच्या आणि मांजरांच्या गोष्टी सांगत होते. शिंप्याने चोराची पँट आणली होती. डबे भरले. बेबी जिंकली, आणि निकाल सांगितला तेव्हा ती झोपलेली होती. मुकादमाच्या फोटोसमोरही माणसं रेंगाळत होती. त्या पांढऱ्या तोंडातला केस न् केस जागच्या जागी होता, आणि हनुवटीखालचा काळा ठिपकाही.

खोली बांधून झाली. आणि एका सकाळी डॉक्टरीणबाईंची गाडी स्टुडिओसमोर येऊन उभी राहिली.

मधल्या दिवसांत काका कुणाला काही बोलले नव्हते. बोलणार कसे? वर्षभर साऱ्या गावासमोर कुत्र्याच्या नावाने बोटं मोडली, स्वतः मागे लागून पहिली जागा मिळवली, आता कुठल्या तोंडाने नको म्हणणार? रात्री झोप नव्हती त्यांना. बाई आत आल्या, काउंटरवर प्रवेशाचं कार्ड ठेवलं आणि म्हणाल्या, "चला काका, शब्दाप्रमाणे पहिली जागा मुकादमाची. इथे सही करा."

मुकादम काउंटरखाली बसला होता. काकांनी कार्ड उचललं. त्यावर तो फोटो होता, पहिला, टचिंग केलेला. कुळकुळीत काळं तोंड, नाकावर डाग नाही. काकांनी तो बराच वेळ बघितला. मग त्यांनी चष्मा चढवला आणि जन्मभर पासपोर्टच्या कचेरीतल्या ज्या कारकुनांच्या खिडकीतून त्यांचे फोटो परत आले होते त्यातल्या सगळ्यात खाष्ट कारकुनाचा चेहरा करून, कार्ड मुकादमाच्या तोंडाशेजारी धरलं.

"फोटो जुळत नाही," ते म्हणाले.

"काय?"

"यातला कुत्रा काळा आहे. हा पांढरा. याच्या नाकावर डाग आहे, त्याच्या नाही. वय जुळत नाही, खूण जुळत नाही. असा अर्ज पुढे जात नाही बाई."

"काका, फोटो तुम्हीच काढलाय."

"म्हणूनच सांगतोय."

"मग नवा काढून द्या. पाच मिनिटांचं काम."

"स्टुडिओ बंद आहे," काका म्हणाले. त्यांच्या मागे स्टुडिओचे दिवे लख्ख चालू होते. शिंपी रस्त्यापलीकडे टाचण्या तोंडात धरून हे सगळं बघत होता.

डॉक्टरीणबाईंनी कार्डाकडे बघितलं, काकांकडे बघितलं. काकांचा एक हात काउंटरखाली होता आणि तो मुकादमाच्या कानामागे खाजवत होता. पुन्हा हातच, डोक्याला न विचारता.

"ठेवायचाय का तुम्हाला?" बाईंनी सरळ विचारलं.

"हो," काका म्हणाले. "मला हवाय तो."

बाईंनी कार्डावर रेघ मारली. त्या दिवशी पहिली जागा बसथांब्याखाली सापडलेल्या एका आंधळ्या कुत्रीला मिळाली, आणि कार्डावरचा तिचा फोटो काकांनी टचिंग न करता काढून दिला. पैसे मात्र घेतले. माणूस एका फटक्यात किती बदलणार?

संध्याकाळी त्यांनी दिवे मालवले, दाराला कडी घातली आणि जिन्यापाशी आले. वर अंधारात मुकादम बसला होता. काका पहिल्या पायरीवर थांबले. घसा खाकरला, इकडेतिकडे बघितलं, खिडकीच्या काचेतून शिंप्याचं दुकान बंद आहे ना याची खात्री करून घेतली.

"आलो रे," ते म्हणाले.

वरच्या पायरीवर शेपटी आपटल्याचा आवाज आला, आणि मुकादम उठून बाजूला झाला.